टॉकिंग हेड्सचा दुसरा अल्बम (१९७८): तेव्हाची समीक्षा आणि नंतरची समीक्षा वेगळी कशी काढायची?

सुई_आणि_खाच

मंडळी, टॉकिंग हेड्सच्या ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’ या दुसऱ्या अल्बमचं समीक्षकांनी कसं स्वागत केलं, यावर दिवाळी अंकासाठी लेख करायचा आहे. मर्यादा दीड हजार शब्दांची. वाचकाला रॉक थोडंफार माहीत आहे, न्यू वेव्ह (पंकच्या पाठोपाठ आलेला रॉक) फारसं नाही, असं धरलंय.

अडचण अशी की नेटवर सापडतं ते सगळं एकाच सुरात. चार-पाच तारे, ‘ए’ श्रेणी, निर्माता ब्रायन ईनोचा परीसस्पर्श आणि ‘टेक मी टू द रिव्हर’ गाजलं. एवढ्यावर लेख उभा राहत नाही. एक तर हे तारे त्या काळचे आहेत का? दुसरं, ईनोचा वाटा खरंच इतका मोठा होता, की समीक्षकांना एक ओळखीचं नाव मिळालं म्हणून त्याच्या खात्यावर सगळं जमा झालं? तिसरं, शेवटच्या ‘द बिग कंट्री’ गाण्यावर बँडचा गायक डेव्हिड बायर्न तुच्छतावादी आहे असा आक्षेप दिसतो, त्यात कितपत तथ्य? आणि ऐकायला कुठली आवृत्ती घ्यावी, तेही सांगा. स्ट्रीमिंगवर ऐकून लिहिलं तर काही बिघडतं का?

जुनी_चकती

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चूक झाली की पुढचा सगळा लेख कलंडतो.

तारे तेव्हाचे नाहीत. ‘रोलिंग स्टोन’ने परीक्षणांना तारे द्यायला सुरुवात केली १९८१ साली. त्यामुळे १९७८च्या अल्बमसमोर त्या मासिकाचे तारे दिसले की ते नंतरच्या कुठल्यातरी अल्बम-मार्गदर्शकातून उचललेले असतात. ‘ऑलम्युझिक’ आणि ‘पिचफोर्क’ तर नव्वदच्या दशकातली बाळं. विश्वकोशाच्या पानावर उजवीकडे जी गुणांची चौकट असते तिच्यात या सगळ्या काळांची भेळ असते. म्हणून पहिलं काम हे: वहीत दोन रकाने आखा. डावीकडे जुलै १९७८ ते १९७९च्या सुरुवातीपर्यंत छापलेलं, उजवीकडे त्यानंतरचं. छपाईची तारीख मिळाली नाही तर मजकूर उजवीकडेच टाका.

आता तारखा. अल्बम आला १४ जुलै १९७८ला. ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये, बहामातल्या नासाऊजवळच्या कंपास पॉइंट स्टुडिओत. आयलँड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलचा हा स्टुडिओ तेव्हा नवाकोरा होता. निर्मितीचं श्रेय ब्रायन ईनो आणि टॉकिंग हेड्स असं दोघांचं, ध्वनिमुद्रक ऱ्हेट डेव्हिस. पहिला अल्बम ‘टॉकिंग हेड्स: ७७’ सप्टेंबर १९७७चा, त्याचे निर्माते टोनी बाँजोव्ही आणि लान्स क्विन. म्हणजे दोन अल्बममध्ये वर्षाचंही अंतर नाही.

अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला अल्बम ९७व्या क्रमांकापर्यंत गेला होता, दुसरा २९व्यापर्यंत. ब्रिटनमध्ये दुसरा २१व्यापर्यंत. ‘टेक मी टू द रिव्हर’ गाण्यांच्या यादीत २६व्या क्रमांकावर पोचलं ते १९७९च्या सुरुवातीला. हा शेवटचा तपशील लेखात ठळक आणा. परीक्षणं लिहिली गेली उन्हाळ्यात, गाणं वर चढलं हिवाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये लिहिणाऱ्याला हे गाणं बँडला रेडिओवर नेणार आहे हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्याच्यासाठी ते दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं होतं, तेही उसनं घेतलेलं. नंतरच्या लेखांत मात्र सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. दोन रकाने वेगळे ठेवले की हा फरक आपोआप दिसतो.

श्रेणीचं म्हणाल तर ती समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊची. न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकातल्या ग्राहक-मार्गदर्शक सदरात तो एकेका परिच्छेदात अल्बम निकालात काढायचा. पहिल्या अल्बमला ए वजा, दुसऱ्याला ए. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ईनोमुळे बँड जणू पाच जणांचा झाला आणि हा पाचवा माणूस हवी तेवढीच ढवळाढवळ करतो. इथे एक खाचखळगा आहे. ही टिपणं १९८१ साली सत्तरच्या दशकावरच्या पुस्तकात एकत्र आली तेव्हा त्याने बऱ्याच नोंदी नव्याने घासूनपुसून घेतल्या, काही श्रेणीही बदलल्या. संकेतस्थळावर जे वाचता ते १९७८च्या अंकातलंच आहे असं गृहीत धरू नका. मूळ अंकाचं स्कॅन मिळालं तरच ‘तेव्हा लिहिलं’ असं लिहा, नाहीतर ‘क्रिस्टगाऊने लिहिलं’ एवढ्यावर थांबा.

१९७८च्या पॅझ अँड जॉप या समीक्षकांच्या मतदानात हा अल्बम पहिल्या पाचांत आला. पहिला क्रमांक एल्विस कॉस्टेलोच्या ‘धिस इयर्स मॉडेल’चा, दुसरा रोलिंग स्टोन्सच्या ‘सम गर्ल्स’चा. या मतदानाची पद्धत समजून घ्या: प्रत्येक समीक्षकाकडे १०० गुण, ते १० अल्बममध्ये वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. त्यामुळे थोड्या लोकांनी भरभरून दिलेले गुण आणि पुष्कळांनी हात राखून दिलेले गुण बेरजेत सारखेच दिसतात. नुसता क्रमांक देऊन ‘सर्वांनी उचलून धरलं’ असं लिहिणं धोक्याचं. गुण आणि मतदारांची संख्या दोन्ही छापलेली असतात, ती बघा.

बिलबोर्ड, कॅश बॉक्स, रेकॉर्ड वर्ल्ड यांचे जुने अंक ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’वर मोफत स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे अक्षरओळख फार भरवशाची नाही. शोधपेटीत बँडचं नाव टाकून काही नाही आलं म्हणून सोडून देऊ नका, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचे अंक पानापानाने चाळा. मात्र बिलबोर्डची अल्बम-शिफारस म्हणजे समीक्षा नव्हे. ती दुकानदारासाठी लिहिलेली सूचना असते. खाली सर्वोत्तम गाणी कुठली आणि विक्रेत्यांनी काय लक्षात घ्यावं याची ओळ असते. ती बाजाराचा पुरावा म्हणून वापरा, अभिरुचीचा म्हणून नको.

ठेकेदार

चकतीकाकांनी कागदपत्रं मांडली, मी ऐकण्याकडे वळतो.

ईनोचा वाटा मोजायचा तर आधी ईनो येण्यापूर्वी काय होतं ते ठरवावं लागतं. या अल्बममधली बरीचशी गाणी पहिल्या अल्बमच्याही आधीपासून बँडच्या मैफिलींत होती. १९७५ साली सीबीजीबी या न्यू यॉर्कच्या क्लबमध्ये रामोन्स या पंक बँडच्या आधी वाजवणाऱ्या त्या तिघांच्या बँडकडेच यातली काही होती, चौथा, जेरी हॅरिसन, नंतर आला. म्हणजे ‘ईनोने नवी दिशा दिली’ हे वाक्य गाण्यांच्या रचनेबद्दल असेल तर चूक. ध्वनीबद्दल असेल तर बरोबर.

हे कानाने तपासता येतं. २००५-०६च्या पुनर्मुद्रणात चार जादा तुकडे आहेत. त्यात ‘स्टे हंग्री’चं १९७७चं रूप आहे, तसंच ‘आय ॲम नॉट इन लव्ह’, ‘द बिग कंट्री’ आणि ‘थँक यू फॉर सेंडिंग मी ॲन एंजल’ यांची निराळी रूपं. ‘स्टे हंग्री’ची दोन्ही रूपं पाठोपाठ लावा. पहिल्यांदा फक्त ढोलांकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त गिटारीकडे, तिसऱ्यांदा शब्द संपल्यावर काय उरतं त्याकडे. अल्बमच्या रूपात शब्द लवकर आटोपतात आणि मग वाद्यांचा एक लांब, पसरलेला पट्टा येतो. गाण्याच्या अंगावर ही जी मोकळी जागा आहे, तिच्यासाठी समीक्षक ‘ईनो’ हे नाव वापरत होते.

कार्यपद्धती अशी: बँडने मूळ पट्ट्या एकत्र, समोरासमोर वाजवून घेतल्या. ईनो कंट्रोल रूममध्ये बसून त्यातला एखादा आवाज, बहुधा स्नेअर (ढोलांच्या संचातला कडकडीत आवाजाचा ढोल) किंवा गिटार, आपल्या सिंथेसायझरमधून फिरवायचा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवायचा. ‘वॉर्निंग साइन’ची सुरुवात हे सगळ्यात सोपं उदाहरण. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक शेपटी आहे, ती खोलीची नाही, यंत्राची आहे. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा. मोठ्या आवाजात ही शेपटी बेसच्या खाली दबते आणि तुम्ही म्हणाल, काहीच तर वेगळं नाही.

आता ‘टेक मी टू द रिव्हर’. मूळ गाणं अल ग्रीन आणि टीनी हॉजेस यांचं, १९७४च्या ‘अल ग्रीन एक्सप्लोअर्स युअर माइंड’मधलं, मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सचं. ग्रीनपेक्षा ते आधी गाजवलं सिल जॉन्सनने, १९७५ साली, आर अँड बी यादीत पहिल्या दहांत. १९७६मध्ये फॉगहॅटने गायलं, १९७८मध्ये लेव्हन हेल्मनेही आणि ब्रायन फेरीनेही. फेरी म्हणजे ईनोचा रॉक्सी म्युझिक या बँडमधला जुना जोडीदार, ज्याच्याशी न पटून ईनो १९७३ला बाहेर पडला. एकाच वर्षात दोघांच्या हातून तेच गाणं. अंकासाठी चौकट करायला झकास मसाला आहे.

ग्रीनच्या गाण्यात पितळी वाद्यं आणि तंतुवाद्यं मागून रेटा देतात. टॉकिंग हेड्सनी दोन्ही काढून टाकली. उरला ऑर्गन, बेस, ढोल आणि मध्ये मध्ये ईनोचे सळसळते आवाज. ईनोने गाणं जमेल तितकं संथ वाजवायला सांगितलं, ही हकिकत बँडच्या सांगण्यात येते. पण संथपणा निव्वळ वेगाचा नाही. दोन्ही गाणी लावून ३० सेकंदांतले ठोके मोजा, दुप्पट करा, आकडे शेजारी लिहा. मग एका आवर्तनात किती आवाज होतात ते मोजा. दुसऱ्या मोजणीत खरी गंमत कळेल. विलंबित लयीत दोन मात्रांमधली जागा ऐकू येते ना, तसं.

अजून एक: त्या वर्षी अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’च्या संगीताने यादी व्यापली होती आणि रॉकवाल्यांमध्ये डिस्कोबद्दल चीड साठत होती. १९७९च्या जुलैमध्ये शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या फोडण्यापर्यंत ती गेली. अशा वेळी न्यू यॉर्कच्या पंक अड्ड्यावरून आलेल्या बँडला कोणी ‘नाचण्याजोगा’ म्हणतो तेव्हा तो बाजू घेत असतो. आज तेच विशेषण वाचताना साधं कौतुक वाटतं, त्याची धार जाते. लेखात ही धार परत आणता आली तर बघा.

बिनतारी

दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण ठेकेदारांनी ईनोचं माप थोडं घाईत काढलं असं वाटतं. समीक्षकांना ईनोचं नाव आयतं सापडलं कारण तो आधीच या गोष्टीत होता. बँड १९७७च्या वसंतात रामोन्सबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होता तेव्हा लंडनला भेट झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या त्याच्या ‘बिफोर अँड आफ्टर सायन्स’मध्ये ‘किंग्ज लेड हॅट’ नावाचं गाणं आहे. इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की टॉकिंग हेड्स होतं. शिवाय १९७७मध्येच डेव्हिड बोवीच्या ‘लो’ आणि ‘हीरोज’वर त्याचं काम झालेलं. १९७८च्या ऑगस्टमध्ये डिव्होचा पहिला अल्बम आला, तोही त्याच्याच हातचा. परीक्षण लिहिणाऱ्याच्या टेबलावर एकाच उन्हाळ्यात ईनोच्या दोन तबकड्या. तुलना होणारच, आणि ती छापून आलेल्या मजकुरात शिरणारच.

दुसऱ्या अल्बमच्या शापाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडं. पहिल्या अल्बममागे कित्येक वर्षांची गाणी असतात, दुसऱ्याला काही महिने मिळतात, कंपनी घाई करते, समीक्षक दात धरून बसतात. न्यू वेव्हमध्ये याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे द जॅमचा ‘धिस इज द मॉडर्न वर्ल्ड’. पहिला अल्बम मे १९७७चा, हा नोव्हेंबर १९७७चा, आणि झोडपून निघाला. द नॅकचा १९८०चा दुसरा अल्बम तसाच. टॉकिंग हेड्स वाचले कारण जुना साठा संपला नव्हता, म्हणजे ठेकेदार म्हणतात तेच. पण मग कौतुकाचं कारण काय? जुनी गाणी जुन्याच पद्धतीने मुद्रित केली असती तर ‘७७’ची पुरवणी झाली असती. नेमकं तिथे ईनोचं काम आहे. एक्सटीसीनेही त्याच वर्षी दुसऱ्या अल्बमसाठी ईनोला विचारलं होतं. तुमचं तुम्हीच करू शकता असं म्हणून त्याने नकार दिला. कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे त्याला कळत होतं.

अल्बमच्या नावातही हाच चिमटा आहे: इमारती आणि खाणंपिणं यांवरची ‘आणखी’ गाणी. दुसऱ्या अल्बमला ‘आणखी’ म्हणणं म्हणजे समीक्षकाच्या हातातलं हत्यार आधीच काढून घेणं.

सुई_आणि_खाच

खूप आभार. दोन रकाने आखले, डावा फारच बारीक निघतोय, हेच बहुतेक लेखाचं सूत्र होईल.

जुन्या बाजारात २००५-०६वाली तबकडी एका विक्रेत्याकडे आहे. एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी असं लिहिलंय. घेऊ का? आणि ‘बिग कंट्री’चं कुणीतरी सांगा.

जुनी_चकती

ती ड्युअलडिस्क. अमेरिकेत हे पुनर्मुद्रण त्या स्वरूपात आलं, युरोपात सीडी आणि डीव्हीडी वेगवेगळ्या होत्या. निवड असेल तर युरोपवाली घ्या. ड्युअलडिस्कमध्ये दोन थर पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, त्यामुळे सगळी मिळून ती नेहमीच्या सीडीपेक्षा जाड होते आणि सीडीचा थर मात्र ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ राहतो. परिणाम दोन. फटीतून तबकडी आत ओढणाऱ्या यंत्रात, म्हणजे गाडीतल्या प्लेयरमध्ये किंवा जुन्या लॅपटॉपमध्ये, ती अडकू शकते. आणि काही प्लेयर सीडीची बाजू वाचतच नाहीत, कारण किरण ज्या खोलीवर नेम धरतो तिथे थर नसतो. ट्रे बाहेर येणाऱ्या डीव्हीडी प्लेयरमध्ये बहुधा चालते. घेतलीत तर पहिल्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवा.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. डीव्हीडीच्या बाजूला जे ५.१ मिश्रण (चहूबाजूंच्या स्पीकरसाठीचं) आहे ते हॅरिसन आणि ई. टी. थॉर्नग्रेन यांनी त्या पुनर्मुद्रणासाठी नव्याने केलेलं. ऐकायला सुरेख आहे, पण १९७८च्या समीक्षकाने ते ऐकलं नव्हतं. ‘मागचा सिंथेसायझर स्पष्ट ऐकू येतो’ असं त्यावरून लिहाल तर पुराव्यातच घोळ. तेव्हाचा अनुभव हवा तर सायर कंपनीची मूळ अमेरिकी रेकॉर्ड, क्रमांक एसआरके ६०५८, किंवा ऐंशीच्या दशकातली साधी सीडी. स्ट्रीमिंगवर साधारणपणे नंतरची सुधारित प्रत असते. तिच्यात आवाजाची पातळी चढवलेली असते. जुनी आणि नवी प्रत ताडून बघताना नवीचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत खाली आणा, नाहीतर जी मोठी तीच चांगली वाटते. कान असेच फसतात.

मुखपृष्ठाची सीडीवरची आवृत्ती बघून त्याबद्दल लिहू नका. बँडचं ते चित्र ५२९ पोलरॉइड छायाचित्रांचं मिळून झालंय, कल्पना बर्नची (प्रश्नातला ‘बायर्न’). बारा इंची पुठ्ठ्यावर जोडांच्या रेषा दिसतात, पाच इंचात नुसतंच दाणेदार चित्र उरतं. मागच्या बाजूला उपग्रहातून घेतलेल्या तुकड्यांचा अमेरिकेचा नकाशा आहे. डेव्हिड हॉकनीची पोलरॉइड जोडचित्रं १९८२ची, म्हणजे ‘हॉकनीच्या धर्तीवर’ असं कुठे वाचलंत तर खोडा.

खर्जपंचम

तो मागचा नकाशा लक्षात ठेवूनच ‘द बिग कंट्री’ ऐका. गाण्यातला माणूस विमानातून खाली बघतोय. मैदानं, शेतं, रस्ते, घरं, सगळं नीटनेटकं मोजून सांगतो आणि मग म्हणतो, पैसे दिले तरी मी तिथे राहणार नाही. आक्षेप असा की न्यू यॉर्कचा कलाशाळेत शिकलेला पोरगा मधल्या अमेरिकेला नाक मुरडतोय. ऱ्होड आयलंडची डिझाइन शाळा हा समीक्षकांचा आवडता धागा, कौतुकालाही आणि टोमण्यालाही.

आक्षेप पूर्ण फेकून देण्यासारखा नाही, पण तो फक्त शब्द वाचणाऱ्याचा आहे. वाद्यं काय करतात बघा. घसरती गिटार, कंट्री संगीताची चाल, अल्बममधलं सगळ्यात मोकळं, सगळ्यात गोड गाणं. ज्या प्रदेशाला नाही म्हणतोय, त्याच प्रदेशाच्या संगीतात म्हणतोय. शिवाय शेवटाकडे त्याची खात्री ढासळते, शब्द सुटून नुसते अक्षरांचे तुकडे उरतात. नकार देणारा माणूस स्वतः कुठे उतरणार आहे हे गाणं सांगत नाही. तुच्छता आहेच, पण ती पात्राची की कवीची, हा प्रश्न गाण्याने उघडा ठेवलाय. तुम्ही लेखात कुठली तरी बाजू घ्या, दोन्हीकडून बोललात तर मिळमिळीत होईल. शब्द उद्धृत करायचे तर ओळ-दोन ओळींपलीकडे जाऊ नका, आशय मराठीत सांगा. गाण्याचे हक्क हा संपादकाच्या डोक्याला ताप असतो.

समीक्षेत जे जवळजवळ दिसत नाही तेही लिहा: टीना वेमथ. या बँडसाठीच तिने बेस हातात घेतला. कौतुकाची वाटणी बर्नचं डोकं आणि ईनोची यंत्रं अशी झाली की गाणं ज्यावर उभं आहे तो खर्ज कुणाच्या हातात आहे हे निसटतं. ‘फाउंड अ जॉब’ ऐका. टीव्हीपुढे भांडणारं जोडपं, मग स्वतःच कार्यक्रम करायला लागतं, अशी कथा. कथा संपल्यावर गिटारीचा खटकेबाज तुकडा बराच वेळ फिरत राहतो, तो कंटाळवाणा होत नाही याचं श्रेय बेस आणि क्रिस फ्रँट्झच्या ठेक्याला. वेमथ आणि फ्रँट्झ पुढे त्याच कंपास पॉइंटला जाऊन टॉम टॉम क्लब काढतात, १९८१मध्ये. ‘बुद्धिवादी बँड नाचायला शिकला’ हे समीक्षकांचं लाडकं सूत्र उलटं वाचता येतं: नाचवणारी जोडी आधीपासून होती, ध्वनिमुद्रणात ती पुढे आणली गेली.

भाषेचं थोडं. ‘न्यू वेव्ह’ला ‘नवी लाट’ म्हणू नका, मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फ्रेंच सिनेमा आणि आपला समांतर सिनेमा उभा राहतो. सायरच्या सिमोर स्टाइनने १९७७मध्ये ‘याला पंक म्हणू नका’ अशी मोहीमच चालवली होती, कारण पंक म्हटलं की रेडिओवाले दार लावून घेत. म्हणजे हा शब्द अर्धा तरी विक्रीचा आहे, तो तसाच ठेवा. आणि ‘निर्माता’ एकदा समजावून सांगा. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. ईनोने पैसे घातले नव्हते. संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्या मधली जागा, असं काहीतरी लिहा.

ठेकेदार

बिनतारींचा मुद्दा मान्य, ‘७७ची पुरवणी’ हे बरोबर पकडलंत. खर्जपंचम यांच्याशी मात्र एका बाबतीत जमत नाही. बेस ‘पुढे आणला’ हे मिश्रणाचं काम आहे, म्हणजे फिरून श्रेय ईनो आणि ऱ्हेट डेव्हिसकडेच जातं. ‘७७’मधलं कुठलंही गाणं आणि ‘फाउंड अ जॉब’ एकाच पातळीवर लावा. बोटं तीच आहेत, फक्त ती कुठे ठेवली आहेत ते बदललंय.

खर्जपंचम

ठेवायला काहीतरी होतं म्हणून ठेवता आलं. असो, इथे आपलं पटणार नाही. लेखकाने दोन्ही गाणी ऐकून ठरवावं.

बिनतारी

उजव्या रकान्यासाठी एक टीप राहिली. १९७९चा ‘फिअर ऑफ म्युझिक’ आणि १९८०चा ‘रिमेन इन लाइट’ हेही ईनोबरोबरचे. ते आल्यावर दुसऱ्या अल्बमला ‘तिघांतला पहिला’ ही जागा मिळाली आणि समीक्षेची क्रियापदं बदलली: ‘आहे’च्या जागी ‘इथून सुरू होतं’, ‘पुढे जाऊन’, ‘चाहूल लागते’. ‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे सर्वोत्तम अल्बमच्या याद्यांत हा तीनशे-चारशेच्या पट्ट्यात कुठेतरी असतो, ‘रिमेन इन लाइट’ त्याच्या बराच वर. १९७८च्या समीक्षकाला मात्र तो वर्षातल्या मोजक्या अल्बमपैकी एक वाटला होता. तुमच्या उताऱ्यांतली ही क्रियापदं अधोरेखित करा, तारीख नसलेला मजकूर कुठल्या रकान्यात जातो तेही बहुतेक वेळा कळेल.

जुनी_चकती

आणि मुद्रणाला देण्याआधी नावं तपासा. प्रश्नात ‘बायर्न’ लिहिलंय, उच्चार ‘बर्न’ असा आहे. वेमाउथ नव्हे, वेमथ. ‘टेक मी टू द रिव्हर’चं श्रेय अल ग्रीन एवढंच देऊ नका, हॉजेसचं नाव राहून जातं. ‘वॉर्निंग साइन’वर बर्नबरोबर फ्रँट्झचंही नाव आहे.